सुबाभळीच्या रानाचे माती परीक्षण : सांगलीतील एका प्रयोगशाळेची सेवा

कवठेमहांकाळ भागातील आमच्या मध्यम काळ्या रानात बॉयलरच्या जळणासाठी सुबाभूळ आणि थोडी निलगिरी लावलेली असून, दर चार-पाच वर्षांनी तोड घेतली की बुडख्यातून उसाच्या खोडव्यासारखी नवी फूट येते. दुसऱ्या तोडीनंतर जमिनीची अवस्था कळावी म्हणून सांगलीतील एका खासगी प्रयोगशाळेकडून माती तपासून घेतली.

नमुना घ्यायला माणूस रानात येतो, ही मोठीच सोय आहे. अहवालही मुदतीत आणि मराठीत मिळाला. सामू (मातीची आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत येणारा कार्बन), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटक त्यात होते.

तक्रार आहे ती नमुन्याबद्दल. पालापाचोळा बाजूला न सारताच व्ही आकाराचा खड्डा घेतला गेला आणि पिशवीत अर्धवट कुजलेल्या पाल्याचे तुकडे स्पष्ट दिसत होते. अशा मातीत सेंद्रिय कर्ब फुगून दिसतो. नांगरट थांबल्यामुळे आणि पाला व बारीक मुळे कुजत राहिल्यामुळे झाडांखाली कर्ब वाढू शकतो हे खरे, पण ती वाढ बहुतेक वरच्या थरातच असते. म्हणून फळबागेप्रमाणे तीन फुटांपर्यंत फूट-फूट थराचे वेगळे नमुने घ्यायला हवे होते. मागणी केल्यावर जादा शुल्क आकारून तसे नमुने घेतले, आणि खालच्या थरांत कर्ब चांगलाच उतरलेला निघाला.

खताच्या शिफारशीचे पान तर उसाचेच छापलेले होते. मुळांवरच्या गाठींतून स्वतः नत्र मिळवणाऱ्या सुबाभळीला युरिया कशासाठी? खरी झीज तोडीत होते. लाकडाच्या मानाने पाला, डहाळ्या आणि साल यांत अन्नद्रव्ये अधिक असतात, त्यामुळे ठेकेदाराने झाड डहाळ्यांसकट उचलले की स्फुरद व पालाशही रानाबाहेर जातात. निलगिरीच्या सालीबरोबर कॅल्शियमही जाते, मात्र कॅल्शियम मुबलक असलेल्या आमच्या चुनखडीच्या जमिनीला त्याची चिंता नाही. पाला रानातच पसरावा, एवढी एक ओळ त्या पानावर पुरेशी झाली असती.

स्थूल घनता (ठरावीक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन) मोजण्याची सोय नसल्याचे त्यांनी आधीच सरळ सांगितले. त्यामुळे लाकूड वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत माती किती दबली आहे, हे या अहवालातून कळत नाही.