अँडीजचं कोरीव लाकूड: मूर्ती, पेले की तबकड्या?

पेरू-चिलीच्या सहलीत माचू पिचू ठरलेलंच असतं. त्यातून उरलेल्या दिवसांत प्राचीन अँडीजचं धार्मिक लाकूडकाम बघायचं, तर निवड तिघांत होते: लिमाजवळच्या पाचाकामाक या प्राचीन देवस्थानातली मूर्ती, कुस्कोतले केरो म्हणजे लाकडी पेले, आणि चिलीच्या आताकामा वाळवंटातल्या, नाकात पूड ओढण्याच्या तबकड्या.

मूर्ती सगळ्यांत सोपी. पाचाकामाक लिमापासून तीसेक किलोमीटरवर आहे, समुद्रसपाटीजवळ, त्यामुळे उंचीचा त्रास नाही. अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं आणि मूर्ती तिथल्याच संग्रहालयात आहे. जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाचा, २.३४ मीटर उंच खांब, वर पाठीला पाठ लावलेल्या दोन मानवाकृती. लाकूड चिकूच्या कुळातल्या झाडाचं. रेडिओकार्बन चाचणीनुसार ते साधारण इ.स. ७६० ते ८७६ मधलं, म्हणजे इंकांच्या कितीतरी आधीचं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यावर लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाचे अंश सापडले. त्यातला लाल हिंगुळाचा.

इथे कौल घ्यायला लांबून यात्रेकरू यायचे. स्पॅनिश नोंदी सांगतात की वरच्या आवारात जायचं तर वर्षभराचा उपास. आणि एवढं करूनही देव दिसायचा नाही, पुजारी मध्यस्थी करायचे. १५३३ मध्ये स्पॅनिश आक्रमक एर्नान्दो पिसारो सोन्याच्या शोधात थेट गाभाऱ्यात शिरला आणि त्याने मूर्ती फोडवली. मग ही कुठली? ही १९३८ साली तिथल्याच ढिगाऱ्यात सापडली. पूजेतली ती हीच की तिची जोडीदार, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तो वाद सुटला नाही तरी चालेल. ज्याचं दर्शन भल्याभल्यांना नाकारलं जायचं, त्याच्यासमोर आपण तिकीट काढून उभे राहतो, हे जरा विचित्रच वाटतं.

केरोंचं तसं नाही. ते वापरायचे पेले, मक्याची दारू चिचा पिण्यासाठी जोडीने घडवलेले: एक यजमानाचा, एक पाहुण्याचा. इंकांच्या काळी त्यांवर बहुतेक भौमितिक खोदकाम असायचं. स्पॅनिश आल्यावर उलटंच झालं. सत्ता गेली आणि पेल्यांवर राजे, लढाया, फुलं, जनावरं अवतरली, तीही दक्षिण कोलंबियाकडच्या मोपा मोपा नावाच्या झाडाच्या राळेत रंग कालवून, खोदलेल्या खाचांत बसवलेली. स्पॅनिश काळाच्या सुरुवातीच्या काही पेल्यांवरचा पांढरा रंग टायटॅनियमचा निघाला. कारखान्यातला टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला, त्यामुळे ही मागाहूनची डागडुजी असावी अशी शंका होती. प्रत्यक्षात तो पेरूच्या दक्षिण टोकाकडच्या नैसर्गिक साठ्यातला ठरला.

बघण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे, हे माझं स्पष्ट मत. कुस्कोच्या म्युझिओ इंकातला केरोंचा संग्रह मोठा आहे. मात्र ते उघडं आहे ना, याची आधी चौकशी करा. शहर ३,४०० मीटरवर आहे, पहिला दिवस विश्रांतीत जातो. पण माचू पिचूसाठी तिथे जाणं होतंच, तेव्हा वेगळा खर्च नाही. शिवाय लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये राहत असाल तर ब्रिटिश म्युझियम आणि मेट्रोपॉलिटन या दोन्हींच्या संग्रहात केरो आहेत. बाजारात कुणी ‘जुना’ केरो दाखवला तर हात लावू नका: खोटा असेल तर पैसे गेले, खरा असेल तर देशाबाहेर नेणं गुन्हा.

तबकड्या मात्र हौशी माणसासाठी. तळहाताएवढ्या, आयताकृती, कडेवर प्युमा, कोंडोर गिधाड किंवा हातात कुऱ्हाड घेतलेला बळी देणारा. त्यावर सेबिल झाडाच्या बियांची भ्रम निर्माण करणारी पूड ठेवून नळीने नाकात ओढायची. कोरड्या वाळवंटामुळे सान पेद्रो दे आताकामाच्या थडग्यांत अशा शेकडो तबकड्या टिकल्या. कोरीवकाम तिघांत सर्वांत नाजूक. पण फक्त यासाठी आताकामा गाठू नका; चिलीच्या राजधानीला, सान्तियागोला, जाणार असाल तर तिथल्या प्री-कोलंबियन कलेच्या संग्रहालयात अँडीजची बाकीची कलाही सोबत बघता येते.

एकच जमणार असेल तर पाचाकामाक. केरो दुसऱ्या शहरांतही भेटतील, ही मूर्ती नाही. दोन जमत असतील तर आधी मूर्ती, मग कुस्को, म्हणजे उंचीवर जाण्याआधी लिमातला दिवसही वाया जात नाही.