झेरॉक्सवर आडवी सही की मास्क्ड आधार?

लॉज असो, भाड्याची खोली असो, नवं सिम असो, आधारची प्रत मागितली जातेच. २०२७ च्या सिंहस्थाला नाशिकमध्ये हे मागणं आणखी वाढेल. पूर्ण आधारच्या झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून आडवी सही करायची, की शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सहीची झेरॉक्स कुठेही चालते, हा तिचा मोठा गुण. ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं लिहिलं की तीच प्रत दुसरीकडे खपवणं अवघड जातं. मी कित्येक वर्षं हेच करत होतो.

बिनसलं ते गंगापूर रोडला भाचीसाठी खोली बघताना. मी पेन काढेपर्यंत एजंटने कागदाचा फोटो काढून पाठवूनही दिला. "काका, सही नंतर करा, मालक थांबलेत." सही मागाहून झाली, पण ती कागदावर. फोटोतून १२ आकडी नंबर उघडाच गेला, आणि हा नंबर पासवर्डसारखा बदलता येत नाही. त्या रात्री संचार साथी या सरकारी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते तपासलं. माझीच दोन निघाली, तरी अजून अधूनमधून बघतो.

मास्क्ड प्रतीचा फोटो काढला तरी पूर्ण नंबर हाती लागत नाही. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर फाइल राहिली तरी तेच. मात्र आधारच्या साइटवरून डाउनलोड होणाऱ्या पीडीएफच्या पासवर्डवर विसंबू नका. नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, एवढाच तो असतो. ओळखीतला कोणीही उघडेल.

काउंटरवर "नंबर पूर्ण दिसत नाही" असं ऐकावं लागतं, हे खरं. मे २०२२ मध्ये मास्क्ड आधार वापरा अशी सूचना निघाली आणि दोनच दिवसांत मागे घेतली गेली. लोकांच्या मनातली शंका कदाचित तिथलीच असेल. पॅन जोडणीसारख्या कामाला पूर्ण नंबर द्यावाच लागतो. अंगठ्याने पैसे काढणारी फसवणूक मात्र दोन्ही प्रतींनी थांबत नाही, त्यासाठी बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारमधले बोटांचे ठसे बंद ठेवणारं कुलूप, वेगळं लावावं लागतं.

तुमच्या कामाला सहीची झेरॉक्स सोयीची पडत असेल, तर ती अगदीच वाईट नाही. मी आता मास्क्ड प्रतीच्या चार प्रिंट पाकिटात ठेवतो आणि कारण, तारीख, सही त्यांच्यावरही करतो. कोणी अडलंच तर ड्रायव्हिंग लायसन्स पुढे करतो. अजून तरी कुठून परत यावं लागलेलं नाही.