‘बेटर पोस्टर’ आराखडा : प्रयोगाला सोयीचा, कवितेला अडचणीचा

परिषदेत आपले काम फलकावर लावून येणाऱ्याजाणाऱ्यांना समजावण्यासाठी जे पोस्टर करतात, त्याचा ‘बेटर पोस्टर’ हा आराखडा विनामूल्य मिळतो, पॉवरपॉइंटमध्ये उघडतो आणि त्याचा मधला भाग जवळजवळ रिकामा असतो. त्या रिकाम्या जागेत आपल्या कामाचे सार सांगणारे एकच वाक्य मोठ्या अक्षरांत आणि विषयाबाहेरच्या माणसालाही कळेल अशा भाषेत लिहायचे, ही त्याची मुख्य अट. मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये एका चित्रफितीद्वारे तो लोकांपुढे ठेवला आणि लवकरच तो परिषदांच्या दालनांत दिसू लागला. पदवीच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या परिषदेत आपले संशोधन किंवा सर्जनशील काम मांडताना हा आराखडा कितपत साथ देतो, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक म्हणून आणि परीक्षक म्हणूनही मी तो पुरेसा जवळून पाहिला आहे.

मांडणी सोपी आहे. डावीकडे एक अरुंद रकाना असतो. त्यात प्रास्ताविक, पद्धत आणि निष्कर्ष थोडक्यात येतात, म्हणजे विद्यार्थी जागेवर नसला तरी पाहणाऱ्याला काम समजते. उजवीकडच्या रकान्यात आलेख आणि तक्ते असतात. ते येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावेत म्हणून नव्हे, तर बोलताना सादरकर्त्याला बोट दाखवता यावे म्हणून; मॉरिसन यांच्या लेखी तो सादरकर्त्याचा दारूगोळा. मध्यभागी ते एक वाक्य आणि त्याखाली संपूर्ण निबंधाकडे नेणारा क्यूआर कोड.

हा आराखडा ज्या गरजेतून आला ती समजून घेतली तर त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही नीट कळतात. शास्त्रीय परिषदांमध्ये पोस्टर सत्रे रुळली ती १९७० च्या दशकात. अमेरिकेत १९७४ साली मिनिआपोलिस येथे झालेल्या जीवरसायन आणि जीवभौतिकी परिषदेपासून त्यांची सुरुवात मानली जाते. निबंध फार आणि व्याख्यानाचे तास थोडे, त्यावरचा हा तोडगा होता. पुढे पोस्टरांचीच गर्दी झाली आणि प्रत्येक पोस्टर म्हणजे भिंतीवर चिकटवलेला निबंध असे रूप त्यांना आले. चालता चालता काही क्षणांत एखादी तरी गोष्ट पदरात पडावी, हा मॉरिसन यांचा आग्रह त्या गर्दीला दिलेले उत्तर आहे. म्हणजे त्यांच्यासमोरचा वाचक हा मुख्यतः त्याच किंवा जवळच्या विषयातला, घाईत असलेला अभ्यासक होता.

पदवीच्या परिषदेत वाचक निराळा असतो. अमेरिकेतील पदवी-संशोधनाची राष्ट्रीय परिषद १९८७ मध्ये ॲशव्हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. ब्रिटनमधील तशी परिषद २०११ पासून भरते. या परिषदा आणि त्यांच्या धर्तीवर विद्यापीठे आपापल्या पातळीवर भरवतात ते मेळावे कोणत्याही एका विद्याशाखेचे नसतात. रसायनशास्त्राच्या पोस्टरशेजारी लोकनृत्याचा अभ्यास असतो, त्याच्यापलीकडे संगणकाची प्रणाली, आणि समोरच्या भिंतीवर छायाचित्रांची मालिका. परीक्षकसुद्धा पुष्कळदा दुसऱ्याच विभागाचा असतो. अशा ठिकाणी साध्या भाषेतले मोठे वाक्य तज्ज्ञांच्या परिषदेपेक्षाही अधिक उपयोगाचे ठरते, आणि या आराखड्याच्या बाजूने माझा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

एक उदाहरण तपशिलाने सांगण्यासारखे आहे. वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे काम खाऱ्या पाण्यात मुळ्याच्या बिया कशा रुजतात यावर होते. तिच्या पोस्टरच्या पहिल्या मसुद्याला ‘क्षारतेचा मुळ्याच्या बीजांकुरणावरील परिणाम : एक प्रायोगिक अभ्यास’ असे शीर्षक होते. त्यात चूक काहीच नव्हती आणि कळतही काहीच नव्हते. आराखड्याच्या मधल्या जागेसाठी वाक्य मागितल्यावर तिने लिहिले, ‘खारे पाणी मुळ्याच्या बिया मारत नाही, फक्त त्यांना थांबवते.’ वाक्य चांगले होते, पण तिच्या निरीक्षणांपेक्षा पुढे गेले होते. तिने क्षारतेच्या मोजक्याच पातळ्या तपासल्या होत्या आणि न रुजलेल्या बिया नंतर साध्या पाण्यात ठेवून त्यांतल्या बहुतेक रुजतात हे पाहिले होते. त्यावरून एवढे म्हणता येत होते की त्या पातळ्यांपर्यंत बियांचे नुकसान झाले नव्हते. बाहेरचे पाणी खारट असल्याने त्यांना ते पुरेसे शोषता येत नव्हते, इतकेच. त्याहून तीव्र पाण्यात काय होते, याबद्दल तिच्याकडे पुरावा नव्हता. वाक्य बदलून ‘आम्ही वापरलेल्या खाऱ्या पाण्यात मुळ्याच्या बहुतेक बिया मेल्या नाहीत; गोडे पाणी मिळताच त्या रुजल्या’ असे झाले. लांबी वाढली, ठसका थोडा कमी झाला, पण त्या वाक्यामागे ती ठामपणे उभी राहू शकत होती. जुन्या पद्धतीच्या पोस्टरमध्ये हा प्रश्न बहुधा उपस्थितच झाला नसता, कारण तिथे निष्कर्ष सहा मुद्द्यांत वाटला जातो आणि प्रत्येक मुद्दा थोडा थोडा सैल राहिला तरी खपून जातो.

याच गुणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठे अक्षर अतिशयोक्तीला निमंत्रण देते. एका सत्रातील नमुन्यावर आधारलेले काम ‘सिद्ध झाले’ अशा थाटात मध्यभागी येऊन बसते आणि सावधगिरीचे शब्द डाव्या रकान्यातल्या बारीक मजकुरात जातात. मार्गदर्शकाचा वेळ आता रकाने भरण्यात न जाता त्या एका वाक्याची छाननी करण्यात जातो. मला ही अदलाबदल मान्य आहे, मात्र ज्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक वेळ देत नाही त्याच्या हातात हा आराखडा जरा धोक्याचाच.

सादरीकरणावर होणारा परिणाम मला अपेक्षेपेक्षा चांगला वाटला. भरगच्च पोस्टरपुढे नवखा विद्यार्थी पाठ फिरवून मजकूर वाचून दाखवतो, आणि ऐकणारा मान डोलावत पुढे सरकतो. इथे वाचून दाखवायला फारसे काही नसते. येणारा माणूस मधले वाक्य स्वतःच वाचतो आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘हे तुम्हाला कसे कळले?’ असा असतो. तिथून संभाषण थेट पद्धतीकडे आणि पुराव्याकडे वळते. बुजऱ्या विद्यार्थ्यालाही प्रश्नाचे उत्तर देणे भाषण करण्यापेक्षा सोपे जाते.

सर्जनशील कामाकडे वळल्यावर मात्र चित्र बदलते. पदवीच्या परिषदांमध्ये कविता, लघुपट, शिल्प, नृत्यरचना यांना संशोधनाबरोबरीने जागा असते, आणि ती असायलाच हवी. पण कवितासंग्रहाचा ‘निष्कर्ष’ काय लिहायचा? आजीच्या विस्मरणावर कविता लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने आराखड्याची अट प्रामाणिकपणे पाळून मध्यभागी ‘विस्मरण एका माणसाचे नसते, साऱ्या घराचे असते’ असे वाक्य लिहिले होते. वाचायला ते बरे होते. पण त्याच्या कवितांत हे विधान कुठेच नव्हते. तिथे होती किल्ली शोधणारी आजी, आणि ती सापडल्यावर कुलूप कोणते म्हणून विचारणारी आजी. विधानाने कविता आधीच उलगडून टाकली आणि लोक विधान वाचून पुढे गेले.

त्यावर जो मार्ग निघाला तो आराखड्याच्या बाहेरचा होता. मधली जागा विधानाऐवजी एका आखूड कवितेला दिली गेली, पूर्ण आणि मोठ्या अक्षरांत. डाव्या रकान्यात तिचा पहिला, हस्तलिखित मसुदा आला, खाडाखोडीसकट. लोक त्या मसुद्यापाशी थांबले. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून ‘ही का काढली?’ असे विचारणारे परीक्षक मी पाहिले, आणि त्या विद्यार्थ्याचे उत्तर, म्हणजे ती ओळ आजीबद्दल नसून स्वतःच्या दुःखाबद्दल होती हे, त्या पोस्टरवरील कोणत्याही मजकुरापेक्षा अधिक सांगणारे होते. सर्जनशील कामात सादर करण्यासारखे असते ते निवडींचे कारण, आणि त्यासाठी आराखड्यात तयार जागा नाही. लघुपट किंवा नृत्यरचनेच्या बाबतीत तर कागदावर काहीही मांडले तरी ते दुय्यमच. तिथे पडदा किंवा रंगमंच मागून घ्यावा आणि पोस्टरचा नाद सोडावा.

इतिहासाचे, दप्तरखान्यातील कागदपत्रांवरचे काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येते. वाक्य लिहिता येते, पण पाहणाऱ्याला मूळ कागद पाहायचा असतो, आणि त्याचे चित्र उजव्या अरुंद रकान्यात वाचण्याजोगे राहत नाही.

हा उजवा रकाना हेच या आराखड्याचे सर्वांत दुबळे अंग आहे. मध्यभाग उदारपणे मोकळा सोडल्याची किंमत आलेखांना मोजावी लागते. दोन आलेख बसतात, तिसरा घुसवला की अक्षांवरील आकडे दिसेनासे होतात, आणि ज्यावर बोट ठेवून बोलायचे तेच श्रोत्याला दिसत नाही. मॉरिसन यांनीही पुढे मांडणीत बदल करून नव्या आवृत्त्या काढल्या. पहिल्या आवृत्तीपेक्षा त्या वापराव्यात, किंवा मधली जागा सरळ कमी करून एक महत्त्वाचा आलेख वाक्याखाली आणावा, असे मी सुचवेन. आराखडा आपल्या सोयीने मोडण्याची मुभा आहे आणि ती घ्यायला संकोच नसावा.

परीक्षकांच्या गुणपत्रिकेचा प्रश्न वेगळाच. तिच्यावर पुष्कळदा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’, ‘पद्धत’, ‘भविष्यातील दिशा’ असे रकाने असतात, आणि पोस्टरवर त्या नावाची शीर्षके दिसली नाहीत की काही परीक्षक सरळ गुण कापतात. त्यांना नावे ठेवून उपयोग नाही. परिषदेची नियमावली आधी वाचावी, आणि ती ठरावीक शीर्षकांचा आग्रह धरत असेल तर डावा रकाना रुंद करून त्याच शब्दांत शीर्षके द्यावीत.

क्यूआर कोडची कल्पना उपयुक्त आहे, पण तिची पूर्वतपासणी करावी लागते. कोड स्कॅन केल्यावर निबंधाऐवजी फाइल पाहण्याची परवानगी मागणारे पान उघडते, हा प्रकार नित्याचा आहे. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर, स्वतःच्या खात्याबाहेर, तो उघडून पाहावा. कोडची रुंदी वाचण्याच्या अंतराच्या साधारण एक दशांश असावी, म्हणजे एक मीटरवरून वाचायचा कोड सुमारे १० सेंटीमीटरचा हवा. पार्श्वभूमी गडद असेल तर कोड पांढऱ्या चौकोनात काळाच ठेवावा. उलट रंगातले कोड सगळ्या फोनना वाचता येत नाहीत.

छपाईबाबत दोन गोष्टी. मूळ आराखडा आडवा आहे आणि परिषदेचे फलक उभे असू शकतात. उभी आवृत्तीही मिळते, पण आडव्यावर सगळे काम झाल्यावर ती शोधायला निघणे तापदायक असते. पॉवरपॉइंटमध्ये पानाची कमाल लांबी ५६ इंच, म्हणजे सुमारे १४२ सेंटीमीटर असल्याने ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा ए० आकार त्यात सहज मावतो. छपाईला देण्यापूर्वी हीच फाइल घरच्या प्रिंटरवर ए४ कागदावर काढावी. ए४ची लांबी-रुंदी ए०च्या बरोबर एक चतुर्थांश असते, त्यामुळे २४ पॉइंटचे अक्षर तिथे ६ पॉइंटचे होते. कागद हातात धरून उजव्या रकान्यातील आलेखांचे आकडे वाचता आले नाहीत, तर मोठ्या छपाईतही दोन पावलांवर उभ्या असलेल्या परीक्षकाला ते वाचता येणार नाहीत, आणि त्या वेळी एक आलेख काढून टाकणे हाच उपाय उरतो.