आमच्या पेठेतलं जेनेरिक औषधांचं दुकान, वर्षभर वापरून

आईच्या गोळ्या वर्षभर याच दुकानातनं आणतोय म्हणून आता लिहायला बसलोय. एकदा जाऊन आलो आणि लगेच लिहिलं असं औषधाच्या दुकानाबाबतीत मला बरोबर वाटत नव्हतं. मिसळ कशी आहे ते एका प्लेटीत कळतं, पण औषधाचं दुकान कसं आहे ते बारा महिने गोळ्या वेळेवर मिळाल्या का, तब्येत जाग्यावर राहिली का आणि अडल्यानडल्याला कोण नीट बोललं का यावरनंच कळतंय.

दुकान कोल्हापुरात मंगळवार पेठेत, खाजगी आहे, फक्त जेनेरिक माल ठेवतात, म्हणजे तेच औषध पण मोठ्या ब्रँडच्या नावाशिवाय. छोटा गाळा, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, काउंटरला एक फार्मासिस्ट मॅडम आणि एक पोरगा. पेठेतल्यांना कुठलं ते कळलं असंल.

आधी मी तिथं का गेलो ते सांगतो. माझं उद्यमनगरात लेथचं काम. आई ६८ वर्षांची, बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल धरून चार प्रकारच्या गोळ्या चालू. आधी घराजवळच्या मेडिकलमधनं चिठ्ठीवरच्या ब्रँडच्याच घ्यायचो, महिन्याला ७८० च्या आसपास बिल व्हायचं, वर तीन महिन्यांनी रक्त तपासणी वेगळी. मला वाटायचं भागतंय. एकदा देव्हाऱ्याशेजारचा डबा सहज उघडून बघितला तर महिना संपला तरी प्रत्येक पट्टीत पाच-सहा गोळ्या शिल्लक. विचारलं तर आई म्हणाली, "महिनाअखेरीला एक दिवसाआड घेतोय की, तुला सारखं आणायला लागतंय म्हणून." चार महिने तिचं हे चाललं होतं. मी रोज तिच्याशेजारी बसून जेवतोय आणि मला पत्ता नाही. त्या रात्री झोप लागली नाही खरंच.

दुसऱ्या दिवशी शॉपवरच्या एकाने या दुकानाचं सांगितलं. गेलो, चिठ्ठी दिली, पण मॅडमनी लगेच माल काढला नाही. म्हणाल्या, चिठ्ठीवर ब्रँडचं नाव आहे, मी माझ्या मनानं बदलून दुसरं देऊ शकत नाही, कायद्यात बसत नाही, डॉक्टरांकडनं औषधाचं मूळ नाव लिहून आणा. तेव्हा मला थोडा रागच आला, पण आता वाटतं तिथंच माझा विश्वास बसला. डॉक्टर भले माणूस, कॅपिटल अक्षरात चारही नावं लिहून दिली, बीपीची टेल्मिसार्टन, शुगरच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, कोलेस्टेरॉलची अॅटोर्व्हास्टॅटिन. मॅडमनी मग आमची जुनी पट्टी आणि त्यांची पट्टी शेजारी ठेवून बारीक अक्षरातलं नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवलं. तेच औषध, तेवढंच. बिल २१० रुपये.

एका पट्टीवर छापील किंमत ५८ होती आणि त्यांनी लावले १२. हे बघून कुणाच्याही मनात येणार की माल डुप्लिकेट आहे की काय, माझ्या पण आलं, आणि मी तसं तोंडावर विचारलं. त्यांनी न चिडता सांगितलं. ब्रँडचा माल खपवायला कंपनी एमआर म्हणजे डॉक्टरांकडं जाणारी आपली माणसं फिरवते, जाहिरात करते, तो खर्च किमतीत चढतो. या मालाला एमआर नसतो, थेट दुकानदाराकडं येतो आणि त्याला लई स्वस्त पडतो, पण छापील किंमत मात्र ब्रँडच्या आसपासचीच असते. मधला फरक गिऱ्हाईकाला द्यायचा की स्वतःच्या गल्ल्यात टाकायचा ते दुकानदारावर. म्हणजे नुस्तं जेनेरिक मागून स्वस्त मिळेलच असं नाही हे लक्षात ठेवा, छापील किंमत देऊन तीच पट्टी घेऊन येणारी माणसं आहेत. सरकारी जनऔषधी केंद्रात हा घोळ नाही, तिथं छापील किंमतच कमी असते, पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याच्या वर जायचं नाही असा त्यांचा नियम. ही केंद्रं २००८ ला अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलपासनं सुरू झाली, आता देशभर दहा हजारांच्या वर आहेत. बायको आणि पोरगी सॅनिटरी पॅड तिथलेच आणतात, सुविधा नावाचे, २०१९ पासनं एक रुपयाला एक. ज्यांना माहीत नाही त्यांनी घरातल्या बायकांना नक्की सांगा.

आईच्या चारही गोळ्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत हे पण मला इथंच कळलं. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत, त्यांची जास्तीत जास्त किंमत सरकार ठरवतं. अशी यादी करायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं १९७७ ला पाडली, गरीब देशांनी नेमकी कुठली औषधं आधी आणि कायम ठेवायचीच हे ठरवायला त्याचा आधार झाला. आणि आपल्याकडं एवढ्या कंपन्या तीच गोळी बनवू शकतात त्याला कारण १९७० चा पेटंट कायदा. त्यात औषधावर नाही, फक्त बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं, त्यामुळं वेगळ्या पद्धतीनं तेच औषध बनवायला आपल्या लोकांना मोकळीक होती. २००५ ला तो कायदा बदलला पण तोवर आपले कारखाने उभे राहिले होते. २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देतो म्हणून जाहीर केलं, तेव्हा परदेशी कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतली किती माणसं त्यामुळं जगली असतील. हे वाचलं की आईच्या १२ रुपयांच्या पट्टीकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो.

आता ज्याच्यासाठी खरं हे लिहायला घेतलंय ते. गोळ्या रोज सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी आईला दरदरून घाम, हातपाय थरथर, डोळ्यापुढं अंधारी. ग्लुकोमीटरवर शुगर ५८. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांत सावरली, नशीब घरात होतो. डॉक्टरांनी तपासलं, ग्लिमेपिराइडचा डोस बघितला, जेवणाच्या वेळा विचारल्या, सगळं बरोबरच. पुढचा माल आणायला गेलो तेव्हा मॅडमना बोलता बोलता सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "दादा, काकू गोळ्यांशिवाय आणि काय घेतात का, चूर्ण, काढा, काहीही?" घरी येऊन विचारलं तर निघालं की. यात्रेत एका पालावर शुगरचं चूर्ण म्हणून पुडी मिळाली होती, आई सकाळी उपाशीपोटी चमचाभर घ्यायची, आणि ते काय औषध आहे होय म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. पुडीवर नाव नाही, गाव नाही, काही नाही. वासावरनं कारलं, जांभळाच्या बिया वगैरे असावं. मॅडम म्हणाल्या, कारलं आणि गुडमार साखर खरंच थोडी उतरवतात, म्हणून तर भीती, ग्लिमेपिराइडच्या जोडीला घेतलं की साखर पार खाली जाऊ शकते. आणि बिनलेबलच्या पुडीत काय असेल सांगता येत नाही, सांधेदुखीच्या असल्या चूर्णात स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. पुडी बंद केली, डॉक्टरांच्या कानावर घातलं, त्यानंतर एकदाही तसं झालं नाही. हा एक प्रश्न आधीच्या मेडिकलमध्ये आम्हाला कुणी कधी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांकडं पण गर्दीत राहून गेला होता.

यात झाडपाल्याला वाईट म्हणायचा हेतू अजिबात नाही. मॅडमनीच सांगितलं की आईची मेटफॉर्मिन ज्या झाडपाल्याच्या वाटेनं आली ते युरोपातलं गलेगा नावाचं झुडूप, तिकडची जुनी माणसं ते वापरायची, त्यातल्या घटकावर काम होत होत १९५७ पासनं ही गोळी माणसांना द्यायला लागले. झाडपाल्याचं ज्ञान तपासून, मोजून, लेबल लावून आलं की त्याचं औषध होतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ ला जामनगरमध्ये पारंपरिक औषधांचं केंद्र काढायला घेतलं ते याच कामासाठी.

आमचं काष्ठौषधींचं दुकान पण ठरलेलं आहे, महाद्वार रोडच्या बाजूला एका बोळात, अण्णा बसतात. पोरगीच्या वेळी बाळगुटीचं सामान त्यांच्याकडनंच आणलं होतं, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, ज्येष्ठमध सगळं, आणि तेव्हाही ते आईला म्हणाले होते, "वहिनी, सहा महिने होईस्तोवर आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, मग बघू." विकायला बसलेला माणूस असं बोलतोय याचं मला अजून कौतुक वाटतं. हल्ली म्हणतात आजरा, चंदगडकडनं येणारा रानातला माल कमी झालाय आणि भाव चढलेत. ते पटतं मला. नरक्याचं बघा की, त्या झाडातल्या कॅम्पटोथेसिनपासनं कॅन्सरची औषधं तयार होतात, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जंगलात त्याची चोरटी तोड होत आलीय. झाडच राहिलं नाही तर स्वस्त काय आणि महाग काय.

दुकानाच्या तक्रारी पण सांगायला पाहिजेत. कंपनी दर महिन्याला बदलती, त्यामुळं गोळीचा रंग बदलतोय. बीपीची गोळी पांढरी होती ती एकदा गुलाबी आली आणि आई दोन्ही घेणार होती, थोडक्यात वाचलं. सांगितल्यापासनं मॅडम मार्करनं पट्टीवर सकाळ, रात्र असं मोठं लिहून देतात आणि जुनी पट्टी संपल्याशिवाय नवी उघडू नका म्हणतात. वर्षात दोनदा एक गोळी नव्हती, एकदा तर आठ दिवस मिळंना, तेवढी बाहेरनं महाग घेतली. रोजच्या औषधाला असं चालत नाही, त्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकाचा माल आधी बाजूला काढून ठेवायला पाहिजे, मी बोललोय. इन्सुलिन ठेवत नाहीत. दुपारी दोन ते साडेचार बंद, रविवारी पूर्ण बंद, कारखान्यावरच्या माणसाला ते अवघड जातंय. बिल मात्र न मागता देतात, बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट.

तब्येतीचं म्हणाल तर तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c तपासणी) ८.४ टक्के होती ती ७.१ वर आलीय, बीपी पण जाग्यावर आहे, डॉक्टर खूश. स्वस्त गोळीत दम नसतो म्हणणाऱ्यांना मी हाच रिपोर्ट दाखवतो. आई रोज घेतेय, एक दिवस चुकवत नाही, डबा मीच बघतो आता.

पाचातले साडेचार देईन, अर्धा त्या आठ दिवसांसाठी कापला.

जाताना चिठ्ठीवर मूळ नाव लिहून न्या आणि घरात जे काही चूर्ण, काढा, आसव चालू असेल ते सोबत न्या किंवा फोटो काढून न्या. पुडीचा प्रकार मी अण्णांना पण सांगितला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गेल्या महिन्यात सितोपलादी आणायला गेलो तेव्हा बघितलं, बांधून दिलेल्या प्रत्येक पुडीवर बॉलपेननं आतल्या जिनसांची नावं आणि तारीख लिहायला लागलेत. ती पुडी तशीच नेऊन मॅडमना दाखवली, त्यांनी वाचली आणि आईच्या वहीत लिहून घेतली.