बर्गंडी कालव्यावर बार्जने: एका हंगामाच्या वापरानंतर

फ्रान्समध्ये बार्ज (सपाट तळाची लांब बोट) घेऊन फिरायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना आधीच सांगते, बोटीइतकाच विचार कालव्याचा करा. आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये राहतो. तिथेच एक जुनी डच पोलादी बार्ज घेतली, सतरा मीटर लांबीची, आणि वसंतापासून पानगळ सुरू होईपर्यंत ती बर्गंडी कालव्यावर वापरली. बोट चांगली आहे, पण आमचा हंगाम सोन्याचा केला तो या कालव्याने.

सोन नदीवरच्या सँ-जाँ-द-लोनपासून योन नदीवरच्या मिजेनपर्यंत हा कालवा २४२ किलोमीटर आहे आणि त्यावर १८९ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे हौद, आहेत. सरासरी सव्वा किलोमीटरला एक. गाडीच्या हिशेबाने दिवस आखणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. दिवसाकाठी दहा-पंधरा किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. चढताना बोट त्याच्या तळाशी शिरते आणि दोन्ही बाजूंना शेवाळलेली, ठिबकणारी भिंत डोक्यापेक्षा उंच उभी राहते. दोर वरच्या लोखंडी खुंटाला घालायचा, एक वेढा घ्यायचा आणि टोक हातातच ठेवायचं. पक्की गाठ मारायची नाही. वरून पाणी सोडलं की बोट पुढे ओढली जाते, मग मागे लोटली जाते. तेवढ्या वेळात ढिला पडणारा दोर सतत आवळत राहायचा. उतरताना सगळं शांत असतं, पण तेव्हा दोर सोडत जायचा, नाहीतर पाणी खाली गेल्यावर बोट दोराला लटकते. जाड कातडी हातमोजे हवेतच.

इथले बरेच लॉक अजून हाताने चालतात. जलमार्ग सांभाळणाऱ्या व्हीएनएफ या सरकारी संस्थेचे लॉककर्मी व्हॅनने किंवा मोपेडने पुढच्या लॉकवर जाऊन दरवाजे तयार ठेवतात. उद्या किती वाजता निघणार हे त्यांना आदल्या दिवशीच सांगायचं आणि दुपारच्या जेवणाची त्यांची सुट्टी पाळायची. आम्ही एका बाजूचा दरवाजा ढकलायला उतरायचो. दोन-चार दिवसांत ओळख होते, मग कुठल्या गावात पाव चांगला मिळतो, कुठे सोमवारी सगळं बंद असतं, हे तेच सांगतात. मला तोडकंमोडकं फ्रेंच येतं, तेवढ्यावर भागलं.

गावांचं म्हणाल तर दिजाँला घाईने जाऊ नका. कालव्यावरचं बंदर शहराच्या मध्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि लोखंडी छताच्या बाजारात भाजी, चीज, मोहरी सगळं मिळतं. (कढीपत्ता मात्र घरून वाळवून न्या.) वांदनेसला बोट बांधली की टेकडीवरचा शातोनफचा किल्ला समोर दिसतो. मोंबारहून सायकलने फोंतने मठात जाता येतं. १११८ साली स्थापन झालेला हा मठ १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तोनेरमध्ये फॉस दियोन नावाचा मोठा झरा आहे. जमिनीतून वर येणारं निळंहिरवं पाणी आणि भोवती अठराव्या शतकातला गोल धोबीघाट. मी तिथे कितीतरी वेळ बसून राहिले.

सगळ्यात जास्त मला आवडला तो पुयी-आँ-ओस्वाचा माथा. दोन्हीकडून लॉक चढत चढत कालवा समुद्रसपाटीपासून ३७८ मीटरवर येतो आणि तिथे ३,३३३ मीटरच्या भुयारात शिरतो. एका बाजूला उतरलेलं पाणी भूमध्य समुद्राला जातं, दुसऱ्या बाजूचं इंग्लिश खाडीला. भुयारात ओढवाट (काठावरून बोट ओढत न्यायची वाट) नसल्याने पूर्वी पाण्यातल्या साखळीवर चालणारी टगबोट इतर बोटींना ओढून न्यायची. ती टगबोट आज गावात जपून ठेवली आहे, शिगेरु बान या जपानी वास्तुरचनाकाराने कागदी नळ्या वापरून बांधलेल्या छपराखाली.

माथ्यावर नदी नाही. पाणी पाँतिए, सेर्से, ग्रोबवा अशा तलावांतून येतं. आणि एक लॉक भरायला अंदाजे पाच लाख लिटर लागतात. म्हणून पाऊस कमी झाला की आधी बोटी जोडीने सोडतात, मग खोलीवर मर्यादा येते, शेवटी वाहतूक बंद. आमची बोट पाण्याखाली जेमतेम एक मीटर असल्याने निभावलं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर कमी खोलीची बोट घ्या आणि व्हीएनएफच्या सूचना रोज बघा.

आता बोटीबद्दल. पोलादी कवचाने लॉकच्या भिंतींचे सगळे ठोके सहन केले. इंजिन जुनं पण साधं, आवाज जास्त. विकणाऱ्याने नव्या म्हणून सांगितलेल्या बॅटऱ्या महिन्याभरात बसल्या, त्या बदलाव्या लागल्या. सौर पॅनेल लावल्यावर फ्रिजचा प्रश्न सुटला. पोटमाळ्यासारखी बुटकी झोपायची खोली उन्हात तापते, तेव्हा रात्री झाडाखालीच बांधा. मैलापाणी उपसून घेण्याची सोय फार कमी ठिकाणी आहे, त्यामुळे आम्ही कोरडं शौचालय बसवलं आणि हा या वर्षातला सर्वांत शहाणा खर्च ठरला. डिझेल कॅनमधून वाहून आणायची तयारी ठेवा.

स्वतःच्या बोटीला अंतर्गत जलमार्गांचा परवाना लागतो, आणि लांबी वीस मीटरच्या वर गेली की वेगळी, मोठी परीक्षा. शिवाय व्हीएनएफचा टोल. भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही, तासाभरात शिकवून देतात. भारतातून शेंगेन व्हिसावर येणाऱ्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तेव्हा विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. मे किंवा सप्टेंबरमध्ये दोन आठवड्यांसाठी भाड्याने घ्या, तोनेर ते मोंबार एवढाच टप्पा धरा, आणि निदान एक माणूस असा आणा ज्याला दिवसभर दोर ओढायचा कंटाळा येणार नाही.