डायनामो ठेवायचा की काढायचा? जुन्या अँबॅसडरच्या वायरिंगचा आणि मीटरांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यापासून तिघांनी मला हाच प्रश्न विचारलाय. एक खानापूरचे, एक निपाणीचे, एक आमच्याच बेळगावच्या टिळकवाडीतले. आजोबांची अँबॅसडर शेडमधून बाहेर काढली, इंजिन धडधडत सुरूही झालं. पण लाइट, काटे, हॉर्न सगळं मेलेलं. आता जुनंच दुरुस्त करून घ्यायचं, की सगळं उपटून नवं टाकून मोकळं व्हायचं?

माझं उत्तर तीन तुकड्यांत आहे. वायरिंग नवं करा. मीटर जुनेच ठेवा. आणि इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचं काय करायचं, ते तुम्ही गाडी कुठल्या वेळी बाहेर काढता त्यावर ठरवा. मी माझ्या मार्क टू अँबॅसडरवर हे तिन्ही करून बसलोय, त्यातलं एक चुकीच्या क्रमानं.

आधी कागदाची गोष्ट, कारण निर्णय तिथंही अडतो. 2021 च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी चालत नाही, आणि या नंबरावर रोजच्या कामाला गाडी वापरता येत नाही. वायर बदलल्यानं कुणी अडवणार नाही, पण बॉनेट उघडल्यावर गाडी त्या काळातली दिसली पाहिजे, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. (काटेकोर बोलायचं तर ‘व्हिंटेज’ म्हणजे 1919 ते 1930 च्या गाड्या. आपल्याकडं शेडमधून निघालेली कुठलीही गाडी व्हिंटेजच.)

वायरिंग : ठिगळ, तयार हार्नेस की हातानं बांधलेलं

इथं मी कुणाशी वाद घालत नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरचं प्लास्टिक हातात वाकवून बघा, पापडासारखं मोडतं. त्याहून जुनी, रबरावर सुती विणीची वायर असेल तर आतलं रबर भुकटी होऊन गळालेलं असतं. त्यात आपल्याकडचा चार महिन्यांचा ओलावा आणि शेडमधले उंदीर. मी आधी ठिगळं लावत गेलो. मीटर, डायनामो सगळं चकाचक करून जुन्याच वायरला जोडलं, आणि एका संध्याकाळी स्टिअरिंगच्या दांड्याजवळून धूर निघाला. बॅटरीची केबल उपटेपर्यंत डॅशबोर्डखालच्या चार वायरी एकजीव झाल्या होत्या. वायरिंग आधी, बाकी सगळं नंतर, हा क्रम मी असा शिकलो.

दुसरा मार्ग तयार हार्नेसचा, म्हणजे गाडीभरच्या वायरींच्या बांधलेल्या जुडग्याचा. अँबॅसडरचा हार्नेस जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अजून निघतो. मात्र मॉडेल-मॉडेलचा फरक असतो, आणि लाइटचा स्विच जरा वेगळा असला की दोन वायरी उरतात आणि एक कमी पडते. घाई असेल, गाडी नंतरच्या मार्कची असेल, तर हा मार्ग वाईट नाही.

तिसरा मार्ग वेळखाऊ, पण मला आवडलेला. जुना हार्नेस अखंड बाहेर काढायचा, प्लायवूडवर पसरायचा, प्रत्येक फाट्यापाशी खिळा ठोकायचा आणि त्या खिळ्यांवरून नवी वायर ओढायची. रंग मात्र सोडू नका. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावरची, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची. उद्या रात्री रस्त्यात काही बंद पडलं तर हे रंगच वाचवतात. आमच्या वायरमननं ‘सगळी लालच मिळाली’ म्हणून लाल आणली होती, ती परत पाठवली. रंगीत पट्ट्याची वायर मिळत नसेल तर टोकांना रंगीत स्लीव्ह चढवा.

जाडीत काटकसर नको. पार्किंगच्या दिव्याला 14/0.30 पुरते, म्हणजे 0.30 मिलिमीटरच्या 14 तारा, एकूण 1 चौरस मिलिमीटर. हेडलाइटला 28/0.30, आणि चार्जिंगच्या मुख्य वायरला 44/0.30 किंवा त्याहून जाड. एक आधुनिक गोष्ट मात्र गुपचूप घाला : हेडलाइटला रिले, म्हणजे बॅटरीचा करंट स्विचमधून न नेता थेट बल्बला देणारा खटका. बल्बपाशी व्होल्टेज 10 टक्के कमी पोहोचलं तर उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो. ‘जुन्या गाडीचा लाइट पिवळाच असतो’ म्हणतात, त्यातला निम्मा दोष स्विचच्या गंजलेल्या पत्तीचा. दोन रिले रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यामागं लपतात. फ्यूजही वाढवा. जुन्या डबीत दोनच फ्यूज, तेही 35 अँपिअरचे. एवढ्यात वायर आधी जळते.

डायनामो की अल्टरनेटर

खरी रस्सीखेच इथं आहे. आमच्याकडं ज्याला-त्याला विचारा, ‘डायनामो फेका की’, त्याजागी अल्टरनेटर (तेच काम करणारं नंतरच्या गाड्यांतलं यंत्र) बसवा, हेच ऐकाल. एकदम ऐकू नका.

त्या काळच्या ल्युकास सी40 डायनामोची ताकद 22 अँपिअर, तीही इंजिन वेगात असताना. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो जवळपास काहीच देत नाही, लाल दिवा मिणमिणतो. हा बिघाड नव्हे, त्याचा स्वभाव आहे. आता बेरीज करा. 45 वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेसात अँपिअर. त्यात पार्किंग, वायपर, इग्निशन, मधूनमधून इंडिकेटर. बारा-चौदाच्या घरात जातं. रविवारी सकाळी राकसकोपपर्यंत जाऊन येणाऱ्याला डायनामो निवांत पुरतो. जुलैत, धुक्यात, रात्री चोर्ला घाटातून रांगेत सरकत गोव्याला जाणाऱ्याला पुरत नाही. संध्याकाळी सातला गोगटे सर्कलच्या गर्दीत लाइट लावून उभं राहणाऱ्यालाही नाही.

फेकण्याआधी तो खरंच मेलाय का, हे तरी बघा. आमचा वायरमन कन्नडमध्ये ‘करंट बरवल्दु री’ म्हणाला, म्हणजे करंट येईना, आणि पाना घेऊन डायनामो काढायलाच निघाला. त्याला थांबवून डायनामोच्या डी आणि एफ या दोन्ही टोकांच्या वायरी काढल्या, दोन टोकं उघड्या तारेनं एकत्र जोडली, आणि ती तार ते बॉडी असा व्होल्टमीटर लावला. इंजिन हळूहळू चढवलं की काटा न थरथरता सरळ चढला पाहिजे. 20 व्होल्टच्या पुढं नेऊ नका. एक व्होल्टच्या आसपासच रेंगाळला तर फील्डची, म्हणजे बाहेरची चुंबकी कॉइल गेली. बॅटरीच्या निम्म्यावर, पाच-सहावर अडकला तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरता गाभा. आमचा झरझर चढला. म्हणजे डायनामो ठणठणीत, दोष कटाऊटमध्ये, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डबीत. कटाऊटचे पॉइंट पॉलिश पेपरनं हलके घासले, अर्थ साफ केली, आणि पुन्हा चार्जिंग सुरू. ज्याला भंगारात घालणार होतो, तो अजून गाडीवर आहे.

दुरुस्ती करायचीच असेल तर तीही आपल्या गावात होते. कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा, कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) लेथवर हलका कापून घ्यायला कारखान्यांच्या उद्यमबागेसारखी जागा नाही. कापल्यावर पट्ट्यांमधला अभ्रक खोल करून घ्या, हे मात्र लेथवाल्याला सांगावं लागतं. नवे कार्बन, मागचं बुश, आणि त्या बुशच्या भोकात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब. तेल देणं सगळे विसरतात, आणि बुश झिजून आर्मेचर फील्डला घासतं.

अल्टरनेटरचे फायदे खरे आहेत : उभ्या गाडीतही चार्जिंग, रेग्युलेटर आतच, कटाऊटची कटकट नाही. पुढच्या काळात अँबॅसडरलाच कंपनीकडून अल्टरनेटर आला, त्यामुळे ब्रॅकेट शोधायला फार वणवण नाही. पण तीन गोष्टी आधी बघा. पहिली, पुली एका रेषेत आहे का. नाहीतर महिन्यात पट्टा खाल्ला जातो. दुसरी, डॅशबोर्डवर 30-0-30 चा अँमीटर असेल तर अल्टरनेटरचा सगळा जादा करंट त्या बिचाऱ्यातून जाईल. चार्जिंगची वायर वेगळी, जाड न्यावी लागते. तिसरी सर्वांत महत्त्वाची : बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय? ब्रिटिश वळणाच्या कित्येक जुन्या गाड्यांत प्लस अर्थ असतो. तसं असताना साधा अल्टरनेटर जोडला तर त्याच्या आतले डायोड तत्क्षणी जळतात. बॅटरी उलटवायची तर अँमीटरच्या आणि इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, आणि डायनामो ठेवणार असाल तर त्याच्या एफ टोकाला बॅटरीच्या जिवंत टोकाची तार क्षणभर टेकवून त्याची चुंबकी दिशा नव्यानं ठरवायची. सेल्फ आणि जुनी वायपर मोटर याची पर्वा करत नाहीत.

डायनामोच्याच खोक्यात बसवलेला अल्टरनेटरही परदेशात मिळतो. दिसायला झकास, पण मागवायचा खर्च बघून मी गप्प बसलो.

मी डायनामो ठेवला, कारण माझी गाडी दिवसाच फिरते. निपाणीच्या गृहस्थांना मी अल्टरनेटरच सुचवला. त्यांना लग्नसराईत रात्री कोल्हापूरला जायचं असतं. काढलेला डायनामो आणि कटाऊट मात्र तेल लावून पोत्यात गुंडाळून ठेवा म्हटलं.

मीटर : नवा घेण्याचं पाप करू नका

बाजारात गोल, चकचकीत, निळ्या उजेडाचे मीटर मिळतात. अँबॅसडरच्या डॅशबोर्डात ते म्हणजे आजीला गॉगल. शिवाय निम्म्या वेळा मीटर निर्दोष असतो.

पेट्रोलचा काटा घ्या. टाकीवरची वायर काढा आणि चावी फिरवा. जुना, झटकन उडी मारणारा काटा असेल तर वायर काढल्यावर तो ‘फुल’ दाखवतो आणि वायर बॉडीला टेकवल्यावर रिकामी. नंतरचा, सावकाश चढणारा काटा याच्या बरोब्बर उलट. त्याची वायर क्षणभरच टेकवा. काटा असा हलला तर मीटर शाबूत, दोष टाकीतल्या फ्लोटचा. आमचा पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. गरम पाण्यात बुडवला, आणि सांध्यातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. भोक तिथंच. (आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवूनच झाळा. आणि गरम पाणी चुलीपासून लांब न्या.)

सावकाश चढणाऱ्या काट्यांच्या गाडीत पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही एकाच वेळी जास्त दाखवत असतील तर दोन्ही मीटर एकदम बिघडले असं समजू नका. मागं मीटरांना 10 व्होल्टच देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो. त्याची अर्थ सुटली की पूर्ण 12 व्होल्ट आत जातात. तो गेलाच असेल तर जुन्याच डबीत 7810 ही आयसी बसवा. बाहेरून काही कळत नाही.

स्पीडोमीटर थरथरत असेल तर आधी केबल. काढून, धुऊन, हलकं ग्रीस. पण वरची दोन-तीन इंच कोरडीच ठेवा, नाहीतर ग्रीस गरगरत मीटरमध्ये चढतं. आत फिरतं चुंबक, त्यावर अॅल्युमिनियमची वाटी आणि केसासारखी स्प्रिंग, एवढाच कारभार. माझा मीटर खडेबाजारातल्या एका घड्याळजीनं भिंग लावून साफ केला. गाडीचा मीटर त्यानं पहिल्यांदाच उघडला होता. डायल पेट्रोलनं पुसायची नाही, आकडे निघून येतात, एवढं मी बजावून सांगितलं होतं.

खरा नाजूक आहे तो तांब्याच्या केसनळीचा टेंपरेचर मीटर. त्या नळीत ईथर असतो. नट सोडवताना नळी पिळली की संपलं. माझी एका गॅरेजात अशीच पिळली गेली. ईथर ज्वालाग्राही, म्हणून तुटलेली नळी घरी झाळू नका. इथं नाइलाजानं इलेक्ट्रिक मीटर चालतो. मी त्याची यंत्रणा जुन्या डायलमागं बसवून घेतली.

हॉर्न, फ्लॅशर, वायपरचा स्विच यांत वेळ घालवण्यासारखं काही नाही. फ्लॅशर नवा घ्या, हॉर्नच्या मागचा स्क्रू पाव फेरा फिरवून बघा, बहुतेकदा बोलतो.

आणि एवढ्यात काहीच करायचं नसेल, पैसे नंतर येणार असतील, तर निदान बॅटरीच्या अर्थ केबलवर तोडायचा खटका आजच बसवा आणि गाडी लावली की त्यानं बॅटरी तोडून ठेवा. माझ्या गाडीत तो असता, तर त्या संध्याकाळी धूर बघत पाना शोधावा लागला नसता.