हायड्रोक्लोरिक ॲसिड, 500 मिली, लॅब ग्रेड: माल उत्तम, झाकण कच्चं

फोंड्याच्या बाजारात मिळणारी ही बाटली शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी घ्यायला हरकत नाही. द्रव पाण्यासारखा नितळ. संडास धुण्याच्या ॲसिडचा पिवळेपणा बहुतेकदा लोहाच्या अंशामुळे येतो, तो यात नाही. लेबलवर 35 ते 38 टक्के, घनता 1.18. म्हणजे 1 मोलर (लिटरमागे 1 मोल, साधारण 36.5 ग्रॅम HCl असलेल्या) द्रावणाला लिटरमागे साधारण 86 मिली पुरतं. आधी 700 मिली पाणी, त्यात बारीक धारेने ॲसिड, गार झाल्यावर लिटरच्या खुणेपर्यंत पाणी. उलटं केलंत तर उष्णतेने तडतडून तोंडावर उडतं, चष्मा हवाच.

तक्रार झाकणाची. आतलं बूच सैल, वाफ सुटत राहते. गोव्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट, की बाटली उघडताच पांढरं धुकं धरतं आणि शेजारच्या कपाटाच्या बिजागऱ्या, स्टँडचे क्लॅम्प गंजून जातात. एवढ्या चांगल्या मालाला हे झाकण शोभत नाही. लोखंडी कपाटात बाटली ठेवूच नका. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, खालच्या फळीवर ठेवा. ब्लीचिंग पावडर तर त्या खोलीतही नको: दोन्ही एकत्र आली की क्लोरीन सुटतो, तो फुप्फुसं जाळतो. अंगावर सांडलं तर कपडे काढून किमान 15 मिनिटं वाहतं पाणी. खाण्याचा सोडा फरशीवर टाकायचा, कातडीवर नाही.